मंडईच्या नाटकात नरसिंह आणि अस्वल: लॅटेक्स घेऊ की फोम?

बांधीवरचा, लाखांदूर तालुका

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या रात्री गावातल्याच पोरांचं नाटक असतं. आजोबांच्या वेळेपासून त्या एका रात्री स्टेजवर गावचीच माणसं उभी राहतात, ती रीत आम्ही मोडली नाही. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर पोरांना जास्तच हुरूप आहे. मी काम करत नाही, सोंगं आणि मुखवटे माझ्याकडे असतात.

यंदा तीन गोष्टी लागतात. नरसिंहाचा मुखवटा, त्याला शेवटच्या अंकात बरेच संवाद आहेत. एक अस्वल, ते मोहफुलं वेचणाऱ्या बाईवर धावून येते आणि गावकरी टेंभे घेऊन त्याला हाकलतात. तिसरं म्हणजे वणव्यात गाल जळालेला एक म्हातारा.

गेल्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानातून गालिचा चिकटवायचं पांढरं लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, आणलं होतं. प्लॅस्टरच्या साच्याला आतून व्हॅसलीन लावलं, ब्रशने चार हात दिले, वाळल्यावर वरून ऑइल पेंट मारला. नाटक सुरू झालं तेव्हा छान दिसत होता. दोन वाजेपर्यंत गालावरून रंगाच्या खपल्या पडायला लागल्या आणि कानाजवळ मुखवटा फाटला. चुलतभावाच्या कपाळावर लाल चट्टे उठले, दोन दिवस खाजवत होता. मोठ्या आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मोबाइलवर बघतो तर कोणी लॅटेक्स म्हणते, कोणी फोम लॅटेक्स, कोणी सिलिकॉन, कोणी ईव्हीए (फोमसारखी पातळ शीट). वर्गणीतून माझ्या वाट्याला तीन हजार आले आहेत. गावात दिवसातून दोनदा तरी लाइन जाते. कोणत्या सोंगाला काय वापरू?

गादीवाला, ब्रह्मपुरी

लॅटेक्समधलं मला कळत नाही, फोमचं सांगतो, रोजचं काम आहे. अस्वलाचं डोकं सोफ्याच्या फोमचं करा. दुकानात गेले की ‘डेन्सिटी किती’ हे विचारा. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, लोक इथेच फसतात. ३२ चा मऊ पण येतो, कडक पण येतो. डोक्यासाठी ३२ चा मध्यम कडक, इंचभर जाडीचा घ्या. तुकड्यांपासून दाबून बनवलेला रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तो जड असतो आणि मान दुखते.

गोलाई आणायला शिंपी ब्लाउजला टक्स घेतो तसे त्रिकोणी काप घ्या आणि कडा जोडा. सोल्युशन, म्हणजे फोम चिकटवायचा गोंद, दोन्ही कडांना लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. ओलं असताना दाबलं तर सुटणारच. आणि तेच सोल्युशन थर्माकोलवर लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडते. आमच्याकडे कातरणाच्या गोण्या पडून असतात, गावच्या नाटकासाठी म्हणाल तर तशाच घेऊन जा.

पडदेवाला, वडसा

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बावीस वर्षं झाली नाटक कंपन्यांसोबत फिरतो. आधी पडदे रंगवायचो, मग रंगपेटी हातात आली, मग मुखवटे. मालाकडे नंतर येतो, आधी एक रात्र सांगतो.

माझ्या दुसऱ्याच मोसमात एका राक्षसाचा मुखवटा केला होता. जाड लॅटेक्सचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. कलावंताने चढवला, मी मागून नाडी आवळली. नाडी आवळली तसा मुखवटा आत दबला आणि नाकपुड्यांची भोकं वर सरकून त्याच्या गालाच्या हाडावर गेली. विंगेतून मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या संवादाला आवाज आतल्या आत घुमायला लागला. थोड्या वेळाने त्याने भर स्टेजवर मुखवटा ओढून काढला. चेहरा घामाने निथळत होता, ओठ निळसर पडले होते. पेंडॉलमध्ये कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पाण्याचा गडवा स्टेजवर सरकवला. तो गडवा मला अजून दिसतो. तेव्हापासून माल निवडताना मी पहिले हेच बघतो की यात माणूस रात्री अकरापासून पहाटेपर्यंत श्वास घेऊ शकेल का आणि त्याचा शब्द लटकत्या माइकपर्यंत जाईल का. दिसण्याचा विचार त्याच्यानंतर.

आता तुझं गेल्या वर्षी काय झालं ते. गालिच्याच्या लॅटेक्समध्ये खडूसारखी भुकटी भरलेली असते. ते पकडून ठेवायला बनवलं आहे, ताणायला नाही, म्हणून कानाजवळ ताण आला तिथे फाटलं. कातडीला तर ते लावायचंच नाही. दुसरं, रबराला तेल चालत नाही. ऑइल पेंट रबरावर ताणला जात नाही, खपल्या होतात, आणि त्यातलं तेल रबर कुजवते ते वेगळंच. तिसरं, व्हॅसलीन. प्लॅस्टरचा साचा लॅटेक्समधलं पाणी पितो, त्याच्यावरच सगळं काम चालते. व्हॅसलीन लावून तू त्याची तोंडं बंद केली. साचा कोराच ठेवायचा.

नरसिंहाला लॅटेक्स घे, पण मुखवट्याचं. दुकानात ‘प्री-व्हल्कनाइज्ड’ असं म्हण. म्हणजे रबर आधीच पक्कं केलेलं असते, भट्टी लागत नाही, नुसतं वाळवायचं. झाडाच्या चिकातलं पाणी कमी करून साधारण ६० टक्के रबर ठेवतात आणि आंबू नये म्हणून अमोनिया घालतात. डबा उघडला की डोळ्यात पाणी येते ते त्याच्यामुळेच, म्हणून हे काम ओसरीत किंवा खळ्यावर कर, बंद खोलीत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात चुकूनही ओतू नको, तांबं रबराचं वैरी आहे. प्लॅस्टिकची बादली घे. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडव, नाहीतर एका वापरात त्याची काडी होते.

मूर्ती कुंभाराच्या चिकणमातीत कर. आपल्याकडचा कुंभार पोळ्याचे बैल करतो तीच माती चालते. चेहरा हवा त्यापेक्षा थोडा मोठा कर, लॅटेक्स वाळताना आकसते. पूर्ण डोक्याच्या मागे लागू नको. कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि बाजूला कानापर्यंतच चेहरा कर, म्हणजे एकाच तुकड्याचा साचा पुरतो. आयाळ टोपीवर अंबाडीच्या वाखाची शिव, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळव. हॅलोजनखाली तो वाख असा पेटल्यासारखा दिसतो की विकतचे केस त्याच्यापुढे फिके पडतात.

त्या मूर्तीवरून साचा काढायला प्लॅस्टर ताजं घे. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या पोत्याचं नीट धरत नाही. मी वजनाने एक किलोला पाऊण लिटरच्या आत पाणी धरतो. साचा सावलीत, मग उन्हात, चांगला आठवडाभर वाळू दे. चुलीजवळ ठेवून घाई करू नको, फार तापलं की प्लॅस्टर भुसभुशीत होते.

मग लॅटेक्स साच्यात काठोकाठ ओत. बुडबुडे ब्रशने फोड, खास करून नाकाच्या शेंड्यावर आणि दातांच्या फटीत. अर्धा-पाऊण तास ठेव. काठावरून बघत राहा, प्लॅस्टरला लागून सायीसारखा थर धरतो. साय मोसंबीच्या सालीएवढी झाली की उरलेलं लॅटेक्स बादलीत परत ओत, ते वाया जात नाही. नाकाच्या मुळाशी, नाडी बांधायच्या जागी आणि कडेला जुन्या धोतराच्या पट्ट्या ओल्यातच बसव. गेल्या वर्षी कानाजवळ ही पट्टी असती तर ती मुखवट्याला वाचवती. दीड-दोन दिवस वाळू दे. दुधाचा पांढरा रंग जाऊन मधासारखा पिवळा झाला म्हणजे वाळलं, कुठे पांढरा डाग असेल तर तिथे अजून ओल आहे. काढण्याआधी आतून भरपूर टाल्कम पावडर मार. रबर रबराला चिकटलं की सुटत नाही, पूर्ण चेहरा दुमडून एक गोळा झालेला मी पाहिला आहे.

आतून तीन ठिकाणी फोमच्या बोटभर जाडीच्या गाद्या चिकटव, एक कपाळाला आणि दोन गालाच्या हाडांना. म्हणजे मुखवटा चेहऱ्यापासून सुटा राहतो, मधून हवा खेळते आणि नाडी आवळली तरी भोकं सरकत नाहीत. आतून घाम टिपायला कलावंताने कपाळाला सुती दुपट्टा बांधावा.

रंग पाण्यावरचा अॅक्रिलिक घे आणि त्याच लॅटेक्समध्ये कालव, म्हणजे रंग मुखवट्याबरोबर ताणला जातो. आधी वाटीत थोडंसं कालवून बघ, काही रंगांनी लॅटेक्स फाटून दह्यासारखं होते. ओलं असताना रंग फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून मनातल्या रंगापेक्षा एक घर फिका बनव. स्पंजने टिपत पातळ थर दे.

अस्वलाला गादीवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच कर. फोमवर फक्त तोंड-नाकाच्या भागाला लॅटेक्सचे दोन पातळ हात, तेही स्पंजने टिपून. फोमला लॅटेक्स पाजलं की डोकं दगड होते. आपल्या जंगलातल्या अस्वलाचं मुस्काट लांब आणि मळकट पांढरं असते, खालचा ओठ लोंबतो, छातीवर व्हीसारखा पांढरट पट्टा असतो. सर्कशीतल्या चित्रासारखं गोल तोंड करशील तर पहिली रांगच म्हणेल हे आमचं अस्वल नाही. आमच्याकडे मोहाच्या दिवसात सकाळी त्याला बघितलेली माणसं बसलेली असतात.

आता टेंभे. भाऊ, हे मी हात जोडून सांगतो, खरा टेंभा त्या सोंगाजवळ नको. सोफ्याचा फोम एकदा पेटला की वितळून ठिबकत जळतो, धूर विषारी असतो आणि आत माणसाचं डोकं असते. वाख पण तसाच भुरकन पेटतो. बांबूच्या टोकाला लाल-पिवळा जिलेटिन कागद आणि आत टॉर्च लावा, अंधारात लोकांना तेवढं पुरते. विंगेत पाण्याची बादली आणि ओलं पोतं ठेवा. दिग्दर्शक ऐकत नसेल तर अस्वल देऊ नको.

फोम लॅटेक्सचं थोडक्यात सांगतो. चेहऱ्यावर चिकटवायच्या तुकड्यांसाठी ते फार सुंदर, हलकं, गालासोबत हलते. पण त्यात चार-पाच घटक तोलून मिक्सरने फेटायचे, हवामान बघून वेळ धरायची, मग ओव्हनमध्ये कमी आंचेवर काही तास भाजायचं. ते घट्ट करायची जी भुकटी असते ती विषारी, त्या ओव्हनमध्ये परत अन्न शिजवता येत नाही. दोनदा लाइन जाणाऱ्या गावात हे तुझ्या हातून पैसे घेऊन जाईल. सिलिकॉनमध्ये तुझे तीन हजार एका गालात संपतील, आणि लॅटेक्सचे हातमोजे घालून कालवलंस तर चांगल्यातलं सिलिकॉन धरतच नाही. पन्नास फुटांवर बसलेल्या माणसाला तो फरक दिसत नाही.

म्हाताऱ्याचा गाल जिलेटिनचा कर. खाण्याचं जिलेटिन, ग्लिसरीन आणि गरम पाणी सारखंच घे, भांडं उकळत्या पाण्यात ठेवून विरघळव. ताटलीवर पातळ ओतून सुरकुत्या ओढ, थंड झाल्यावर गालावर स्पिरिट गमने (मेकअपचा, कातडीला लावायचा गोंद) बसव. थेट गालावर ओतायचा मोह झाला तर आधी मनगटावर थेंब टाकून बघ, भाजते. आपल्या मंडईच्या रात्री थंड असतात म्हणून ते टिकते, चैत्रात केलं असतं तर घरंगळलं असतं. पण एक विचारून घे. जिलेटिन जनावरापासून होते. माळकरी माणूस असेल तर त्याला आधी सांग, तो नाही म्हणाला तर टिश्यू पेपर आणि चेहऱ्याला चालणारं सौम्य लॅटेक्स यांचे दोन-तीन थर दे. भुवया आणि दाढीच्या खुंटांना व्हॅसलीन लाव, नाहीतर काढताना केस उपटतात. हो, इथे व्हॅसलीन चालते, ते कातडीवर आहे, साच्यात नाही.

खडू-फळा, वर्धा जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तान्ह्या पोळ्याला मुलांची सोंगं असतात, त्यासाठी मी आता फक्त ईव्हीए शीट वापरते. तीन मिलिमीटरची शीट कात्रीने कापली जाते, इस्त्रीवर धरून मऊ झाली की वाटीवर दाबायची, थंड झाल्यावर तोच आकार राहतो. धुता येते, वास नाही, पाऊस आला तरी काही होत नाही. बांधीवरच्या दादांच्या नाटकात पोरं असतील, एखादा प्रल्हाद किंवा वानरं, तर त्यांच्या मुकुटांना हेच घ्या.

लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. पूर्वी मी मुलांच्या हातावर लॅटेक्सचे व्रण करायची. चौथीतल्या एका मुलीचे ओठ आणि डोळे दहा मिनिटांत सुजले, श्वासाला घरघर लागली. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, ती बरी झाली. तिची आई नंतर म्हणाली, हिला फुगे फुगवले की ओठ खाजतात आणि केळं खाल्लं की घशात टोचते. मी विचारलंच नव्हतं. रबराच्या चिकातल्या प्रथिनांची ज्यांना अॅलर्जी असते त्यांच्यातल्या काहींना केळी, पपई, किवी या फळांचाही त्रास होतो. म्हणून दादा, तुमच्या चुलतभावाला यंदा लॅटेक्स चढवण्याआधी फुगे, हातमोजे आणि केळी यांचं विचारा. कोपराच्या आतल्या बाजूला छोटा थेंब लावून एक दिवस बघा. आणि आधी कधी ओठ सुजले असतील किंवा दम लागला असेल तर थेंबसुद्धा लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. त्याचे चट्टे गालिच्याच्या लॅटेक्समुळे असतील किंवा रबरामुळेही असतील, बघितल्याशिवाय कळणार नाही.

बांधीवरचा, लाखांदूर तालुका

मॅडम, चुलतभावाला विचारलं. फुगे आणि केळी चालतात, ओठ कधी सुजले नाहीत. थेंब लावला, दुसऱ्या दिवशीही काही नव्हतं, तरी यंदा त्याच्या कपाळाला दुपट्ट्याची दुहेरी घडी देतो. टेंभ्यांवरून दिग्दर्शकाशी भांडण झालं, पण पडदेवाल्या काकांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आणि ते कबूल झाले. गादीवाल्या भाऊंकडून गोणीभर कातरण आणलं, पैसे घेतले नाहीत त्यांनी. म्हातारा करणारे काका माळकरीच निघाले, म्हणून टिश्यूवर जातो.

काका, नरसिंह साच्यातून काढला. मधासारखा पिवळा, तुम्ही सांगितला तसाच. नाकाजवळ एक बुडबुडा राहिला होता, तो भरून घेतला. तीन गाद्या लावल्या, हवा छान खेळते, चुलतभाऊ अर्धा तास घालून बसला. रंग लावायच्या आधी म्हटलं आवाज बघू. तो खळ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. संवाद बोलला तर बाकी सगळं कळते, पण ‘प’, ‘ब’, ‘म’ गायब. ‘प्रल्हाद’ म्हणतो ते ‘रल्हाद’ ऐकू येते. शेवटच्या अंकात हे नाव अकरा वेळा आहे. तोंडाचं भोक अजून मोठं कापू का?

पडदेवाला, वडसा

कापू नको, थांब. भोक मोठं करून हे जाणार नाही. प, ब, म ला ओठ मिटावे लागतात आणि त्याचा खालचा ओठ मुखवट्याच्या जबड्याला अडतो. जबडा सुटा कर. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून कानाच्या दिशेने कड येईपर्यंत सरळ चीर दे, म्हणजे खालचा जबडा वेगळा तुकडा होईल. चिरेच्या कडांना आतून धोतराची पट्टी लाव, नाहीतर चीर वाढत जाते. मग जबड्याची दोन टोकं वरच्या भागाला इलॅस्टिकने जोड, चपटं, अर्ध्या इंचाचं. हनुवटीच्या आत फोमची चौथी गादी बसव, चांगली घट्ट, म्हणजे भावाची हनुवटी खाली गेली की जबडा खाली जाईल आणि वर आली की वर. नरसिंहाचं तोंड बोलताना हलेल, ते लोकांना लांबूनही दिसते.

तरी ओठ अडत असेल तर आतून जबड्याचा वरचा काठ कात्रीने थोडा थोडा खरवड, बाहेरचे दात तसेच राहू दे. प्रत्येक वेळी खळ्याच्या टोकाला उभं करून तेच नाव म्हणायला लाव. ‘प्रल्हाद’ स्वच्छ आल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नको. आणि इलॅस्टिक काळं घे, पांढरं असेल तर हॅलोजनमध्ये गालावर दात उगवल्यासारखं दिसते.